सर्पदंशावरचा उतारा आणि आपली शाळा



अमेरिकेत अफूच्या जातीच्या नशिल्या गोळ्यांनी शाळकरी मुले दगावू लागली, तेव्हा लॉस एंजलिसच्या सार्वजनिक शाळांनी २०२२ साली नॅलोक्सोन हे उतारा-औषध शाळेतच ठेवण्याचे ठरविले. ते नाकात फवारता येते. म्हणून शिक्षकही देऊ शकतो.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातले विष निराळे आहे. धानाच्या बांध्या, देवरी-सालेकसाचे जंगल आणि जमिनीवर निजणारी लेकरे. पावसाळ्यात रात्री मण्यार अंथरुणात शिरतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, पुढे श्वास अडतो. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतली.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. ते घोड्याच्या रक्तद्रव्यापासून बनते. पण ते शिरेतून द्यावे लागते आणि कधी त्याचीच तीव्र रिअ‍ॅक्शन येते. म्हणून ते डॉक्टरांच्या हातीच हवे, शाळेच्या कपाटात नव्हे. मग शाळेने काय ठेवावे? प्रत्येक वसतिगृहात खाटा व मच्छरदाण्या, दारात दिवा, भिंतीवर १०८ हा क्रमांक आणि रात्री-अपरात्री निघू शकेल अशी गाडी. दंश झालेला अवयव हलू द्यायचा नाही, करकचून बांधायचे नाही, चिरा द्यायच्या नाहीत. थेट दवाखाना गाठायचा. एवढे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ हवे.

आणि मांत्रिकाकडे जायचे नाही. पुष्कळ सापांना विष नसते, विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. तो रोगी वाचला की श्रेय मंत्राला मिळते. मण्यार चावलेल्याचा मात्र वेळ जातो आणि जीवही. तथागतांनी सापांविषयीही मैत्री शिकविली, पण महावग्गातील भेसज्जक्खंधकात सर्पदंश झालेल्या भिक्खूला औषधाची अनुज्ञाही दिली. मैत्री आणि औषध यांत विरोध नाही.

केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे की नाही, हे मृग लागण्यापूर्वी जाऊन विचारणे आपले काम आहे. आपण प्रत्येक विहारातून दोन तरुण त्यासाठी नेमू या. लेकरू दंशाने नव्हे, उशिराने मरते. तो उशीर आपण टाळू शकतो.

जयभीम! नमो बुद्धाय!