ताप नसतानाही तपासा

 

परिषदेच्या स्वागताध्यक्षाने पाहुण्यांच्या जेवणाखाण्याचं बघावं आणि मोजकं बोलावं, अशी रीत आहे. जेवणाची व्यवस्था चोख आहे. बोलण्यात थोडी सवलत घेतो.

गरोदरपणातल्या परजीवी संसर्गांची यादी लांब आहे. शहरात एखादा गर्भपात झाला की लगेच टॉक्सोप्लाझ्मासह अनेक संसर्गांसाठीची ‘टॉर्च’ चाचणी लिहून देतात. कुटुंबाचे पैसे जातात, उपचार मात्र त्यामुळे क्वचितच बदलतात. त्यावर आपण बोलालच. आमच्याकडचा प्रश्न हिवतापाचा आहे. राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्ह्याने अनेक वर्षं वाहिला आहे.

हिवतापाच्या फॅल्सिपॅरम परजीवीची लागण झालेल्या तांबड्या पेशी वारेत चिकटून बसतात. बोटातून काढलेल्या थेंबात परजीवी कमी दिसतो, कधी दिसतच नाही. बाईला ताप नसतो, ती रोजच्यासारखी शेतावर जाते. इकडे तिचं रक्त कमी होत जातं आणि बाळाचं वजन भरत नाही. पहिलटकरणीला धोका जास्त, कारण वारेत दडणाऱ्या या परजीवीशी तिच्या शरीराची आधी गाठच पडलेली नसते.

आफ्रिकेतल्या अनेक देशांत गरोदर बाईला ताप असो-नसो, ठरावीक अंतराने प्रतिबंधक औषध देतात. आपल्याकडे ते धोरण नाही. मग आपल्या हाती मच्छरदाणी आणि तपासणी एवढंच उरतं, आणि ‘ताप आला तर बघू’ म्हणणं इथे परवडणारं नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांच्या तपासणीत हिमोग्लोबिनसाठी रक्त काढतोच. त्याच टोचणीत हिवतापाची किट आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची रक्ताची काचपट्टीही व्हावी. किट निगेटिव्ह आली म्हणून पुढच्या भेटीची तपासणी टाळू नये. उपचारानंतर काही आठवडे किट पॉझिटिव्ह दाखवू शकते, तेव्हा काचपट्टी बघितल्याशिवाय पुन्हा औषध सुरू करू नये.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो. किट गावात पोचायच्या त्या पावसाळ्याआधी, हे नियोजन करणाऱ्यांनी कृपया टिपून घ्यावं.

आणि तज्ज्ञांना एक विनंती. परिषदेचा ठराव लिहायला बसण्याआधी आशाताईंचं सत्र पूर्ण ऐका, आणि त्यांना मध्ये थांबवू नका.