कांदा, आत्या आणि मायापुरी : रेडिएशन अंगात नेमकं काय करतं?

आजचा भाग गावी बसून रेकॉर्ड करतोय. गाव महाळुंगे पडवळ, हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. मध्येच ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

विषय कुठून निघाला ते सांगतो. माझी आत्या स्तनाच्या कॅन्सरसाठी पुण्यात पाच आठवडे रेडिएशन घेऊन परत आली. शेजारच्या काकूंनी तिच्या हातचा चहा नको म्हटलं आणि नातवाला तिच्या मांडीवरून उचलून नेलं. "किरणं लागतात म्हणे." आत्या काही बोलली नाही, कप उचलून आत गेली. तेव्हाच ठरवलं, यावर बोलायचंच.

आधी एक फरक. इथून जवळच खोडदला जीएमआरटी ही मोठी दुर्बीण आहे. ती आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. आपल्या मोबाइलच्या लहरीही त्याच जातीच्या. त्यांच्यात पेशीतला डीएनए तोडण्याइतका जोर नसतो. गॅमा किरणं आणि एक्स-रे यांच्यात तो असतो. आज बोलतोय ते त्यांच्याबद्दल.

आता कांदा. आपल्याकडे बराखीत ठेवलेल्या कांद्याला पावसाळ्यात कोंब फुटतात. लासलगावला 2002 पासून एक केंद्र आहे, तिथे कोबाल्ट-60 ची गॅमा किरणं कांद्यावर सोडतात. मात्रा 30 ते 90 ग्रे. ग्रे म्हणजे एक किलो वस्तूत किती ऊर्जा मुरली त्याचं माप. कांदा किरणोत्सारी होत नाही, बिनधास्त खा. फक्त कोंबातल्या पेशींचं विभाजन थांबतं.

माणसाच्या अंगातही असे 'कोंब' असतात. हाडातला मगज, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, कातडी. तिथे सतत नव्या पेशी तयार होतात. सगळ्या अंगावर एकदम 4 ग्रेच्या आसपास किरणं पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दोनेक महिन्यांत दगावतात. गंमत नाही, भीतीची गोष्ट अशी की एवढ्या मात्रेनं अंग एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकंच तापतं. म्हणजे काहीच कळत नाही.

दिल्लीच्या मायापुरीत 2010 साली हेच झालं. दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं कित्येक वर्षं बंद पडलेलं गॅमा यंत्र लिलावात भंगारवाल्यांकडे गेलं. कामगारांनी शिसं काढायला ते फोडलं. आत कोबाल्ट-60. ना वास, ना चटका. मग उलट्या, जुलाब, केस गळणं, कातडी काळी पडणं. एकानं चकाकणारा तुकडा पाकिटात घालून मागच्या खिशात ठेवला, त्याला तिथेच खोल जखम झाली. सात जण हॉस्पिटलात गेले, एक कामगार वाचला नाही. मुंबईहून अणुऊर्जा नियामक मंडळाची आणि भाभा केंद्राची माणसं गेली, तेव्हा तो माल सापडला.

या आजाराची चाल फसवी असते. पहिल्या काही तासांत उलट्या. जितक्या लवकर उलटी, तितकी मात्रा जास्त. मग माणूस बरा वाटतो, कधी दोन-तीन आठवडे. घरचे म्हणतात, "झालं, टळलं!" पण आत मगज नव्या पेशी बनवायचा थांबलेला असतो. पांढऱ्या पेशी संपल्या की साधा जंतूही भारी पडतो, प्लेटलेट संपल्या की रक्तस्राव. 10 ग्रेच्या पुढे आतड्याचं अस्तरच झडतं, तिथे डॉक्टरांचे हात टेकतात. कमी मात्रेत मात्र वेगळी खोली, अँटिबायोटिक, रक्त, प्लेटलेट आणि मगजाला चालना देणारी इंजेक्शनं देऊन माणूस वाचवता येतो. म्हणून लवकर सांगणं महत्त्वाचं.

मंचर, नारायणगाव, चाकण, कुठेही भंगाराचं काम करणारी पोरं ऐकत असतील, तर एवढं लक्षात ठेवा. पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचं चिन्ह दिसलं, किंवा आकाराच्या मानानं फारच जड बंद डबा आला, तर फोडू नका. लांब व्हा, इतरांना लांब करा, 112 ला फोन करा. अंतर दुप्पट केलं की किरणं चौथाईवर येतात.

आणि आत्या? तिला रोज साधारण 2 ग्रे मिळाले, तेही फक्त त्या जागेपुरते. मधल्या वेळात चांगल्या पेशी स्वतःला सावरतात. मशीन बंद झालं की अंगात किरण उरत नाही. एक्स-रे काढून आलेल्या माणसाला आपण कुठे लांब बसवतो? काही उपचारांत किरणोत्सारी औषध पोटात देतात, तेव्हा थोडे दिवस जपावं लागतं, पण ते डॉक्टर स्वतःच सांगतात.

काल हे सगळं काकूंना कांद्याचं उदाहरण देऊन सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. आज सकाळी नातू परत आत्याच्या मांडीवर होता. चहाचं अजून ठरायचंय.

तुमच्याही घरी असं कुणी असेल, तर हा भाग त्यांच्या शेजाऱ्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!