बास गिटार घेताना

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला तुम्ही केव्हातरी गेलाच असाल. रंगमंचाच्या मागच्या बाजूला, ड्रमवाल्याच्या शेजारी, लांब दांडीची गिटार गळ्यात अडकवून एक मनुष्य उभा असतो. तो फारसा हलत नाही. निवेदक त्याचे नाव बहुधा शेवटी घेतो, आणि त्याने काय वाजविले हे घरी जाताना कुणालाच सांगता येत नाही. पण मध्येच त्याची तार तुटली तर सगळे गाणे पोकळ वाटू लागते आणि काय बिनसले हे गायकालाही चटकन उमगत नाही. तो मनुष्य म्हणजे बास गिटार वाजविणारा. आयुष्यातली बरीच वर्षे मी त्या जागी उभा राहिलो, म्हणून आज या वाद्याविषयी बोलावयाचे धाडस करतो आहे.

निमित्त मात्र वेगळे आहे. मध्यंतरी ओळखीतला एक मुलगा वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. नुकताच एका वाद्यवृंदात लागलेला. म्हणाला, “काका, माझ्या गिटारचा आवाज बसका येतो, आणि वरच्या पडद्यांवर ती बेसूर बोलते. मोठ्या कंपनीची नवी घ्यावी म्हणतो.” वडील काही बोलले नाहीत. पण त्यांच्या हातातल्या पिशवीतून पतपेढीचा कर्जाचा कोरा अर्ज डोकावत होता, तो मला दिसला. मी म्हटले, “अहो, हा अर्ज आठ दिवस तसाच राहू द्या, आणि आधी ती गिटार इकडे आणा.”

ती येईपर्यंत या वाद्याची थोडी ओळख करून घेऊ. पूर्वी खर्जाचे काम माणसाएवढ्या उंचीचा डबल बास करीत असे. तो उभा धरून वाजवायचा, गाडीत मावायचा नाही, आणि ड्रम-ट्रंपेटच्या गर्दीत ऐकूही यायचा नाही. १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामधील लिओ फेंडर यांनी गिटारसारखी गळ्यात अडकविता येईल, विजेवर बोलेल आणि दांडीवर पडदे असतील, अशी बास गिटार बाजारात आणली. तिचे नाव ‘प्रिसिजन’ ठेवले, म्हणजे नेमकी. कारण पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो. असा प्रयत्न त्याआधीही, १९३०च्या दशकात, सिअॅटलच्या पॉल टटमार्क यांनी केला होता. पण वाद्य रुजले ते फेंडर यांचे. आपल्याकडेही चित्रपटसंगीतात ते आले; राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवीत.

हिला चार तारा. सर्वांत जाड तारेची सेकंदाला सुमारे ४१ कंपने, मग ५५, ७३ आणि ९८. यातली मौज अशी, की घरातल्या लहान रेडिओच्या कर्ण्यातून ४१ कंपनांचा मूळ स्वर जवळपास येतच नाही. तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो. तंबोऱ्यातला स्वयंभू गांधार तुम्हाला ठाऊक आहे ना? तशाच या जाड तारेतूनही ८२, १२३ अशा कंपनांचे वरचे स्वयंभू स्वर निघतात, आणि ते ऐकून मूळ स्वर कान आपणच जुळवून घेतो. म्हणजे खर्जाचा गोडवा नुसत्या खर्जात नसतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तर त्या मुलाची गिटार आली. साधी, देशी बाजारातली. तिच्या तारांवर बोट फिरविले तर बोट काळे झाले. विचारले, “तारा केव्हा बदलल्यास?” तो गप्प. घेतल्यापासून बदलल्याच नव्हत्या! घामाने तार गंजते, तिच्या वेटोळ्यांत मळ बसतो, ती सगळीकडे सारखी जड राहत नाही. मग ती नुसती बसकीच बोलत नाही, तर सुरातही राहत नाही. खुंटी कितीही पिळा. अशा तारांवर गिटारची परीक्षा करणे म्हणजे शाई सुटलेल्या पखवाजावर पखवाजियाची परीक्षा करण्यासारखे आहे.

आता तारा कोणत्या घ्याव्या? मुख्य जाती दोन. एकीवर गोल तारेचे वेटोळे असते. ती खणखणीत, थोडी कर्कशही बोलते, आणि बोट सरकविले की खरखर ऐकू येते. दुसरीवर चपट्या पट्टीचे वेटोळे असते. ती गुळगुळीत आणि तिचा आवाज गोल. आरंभी बास गिटारवर चपट्याच असत. गोल वेटोळ्याच्या तारांचा बोलबाला झाला तो १९६६च्या सुमारास, इंग्लंडमधल्या ‘द हू’ या वृंदाच्या जॉन एंटविसल यांच्यामुळे. माझ्या मते जुनी गाणी वाजविणाऱ्या वृंदाला चपट्या तारा अधिक शोभतात. पण हे मत आहे, नियम नव्हे.

इथे कुणी म्हणेल, जेम्स जेमरसन तर तारा बदलीतच नसे! खरे आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या १९६०च्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत त्याचाच बास आहे. १९६२ सालची प्रिसिजन गिटार, चपट्या तारा, त्या सहसा बदलायच्या नाहीत, आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी. पण त्याच्या तारा मुळात गोल आवाजाच्या, त्या जुन्या होऊन आणखी मऊ झाल्या. शिवाय ती तर्जनी! तशी तर्जनी असेल त्याने खुशाल तारा बदलू नयेत. आपण बदलाव्यात, आणि वाजवून झाले की कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

नव्या तारा चढविल्या, आणि मग दांडीकडे वळलो. पुष्कळांना हे ठाऊक नसते, की लाकडी दांडीच्या आत एक लोखंडी सळई असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. चारही तारा मिळून दांडीला पुढे ओढतात आणि ही सळई तिला मागे धरते. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड ओल पिते, दांडी वाकते, आणि वैशाखात बरी बोलणारी गिटार श्रावणात रुसते. परीक्षा सोपी आहे. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरा. मध्ये, सातव्या-आठव्या पडद्यापाशी, तार आणि पडदा यांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, म्हणजे साधारण पाव ते तीन-दशांश मिलिमीटर फट दिसली पाहिजे. फट फार असेल तर सळई घट्ट करायची. मुळीच नसेल तर सैल. एका वेळी पाव फेरा, त्याहून अधिक नको, आणि मग वाद्याला थोडा वेळ द्यायचा. किल्ली जड फिरू लागली तर हात आवरा आणि कारागिराकडे जा. इथे जोर केलेला महागात पडतो. त्या मुलाच्या गिटारची फट चांगली दीड मिलिमीटर होती. दांडी कसली, धनुष्यच झाले होते.

दांडी सरळ झाल्यावर तारांची उंची. घोडीवर प्रत्येक तारेखाली लहान खोगिरासारखा लोखंडी तुकडा असतो, त्याला सॅडल म्हणतात. तो स्क्रूने वरखाली होतो. सतराव्या पडद्यावर जाड तार अडीच मिलिमीटर आणि बारीक तार दोन मिलिमीटर उंच असली, तर बहुतेकांच्या हाताला ठीक पडते. अगदी खाली आणाल तर बोटांना सोपे जाईल, पण जोरात छेडताच तार पडद्यांवर खडखडेल. मी स्वतः थोडी उंचच ठेवीत असे. तारेला नाचायला जागा मिळाली की आवाज भरतो.

आता तो वरच्या पडद्यांवरचा बेसूरपणा. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून छेडा. वरच्या सप्तकातला स्वर निघेल. मग तिथेच तार दाबून छेडा. दोन्ही स्वर एकच आले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा लागला तर सॅडल मागे न्या, म्हणजे तार लांब होईल. उतरा लागला तर पुढे आणा. हलविले की तार पुन्हा मिळवा आणि पुन्हा तपासा. कानावर विश्वास नसेल तर मोबाइलवरचा ट्यूनर घ्या, त्यात कमीपणा नाही. मुलाच्या गिटारचे चारही सॅडल एका ओळीत, शिपायांसारखे उभे! दुकानातून आल्यापासून त्यांना कुणी हातच लावला नव्हता. हे काम चालले असता वडील माझ्या शेजारी येऊन बसले. “म्हणजे वाद्य खराब नाही?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “वाद्य गरीब आहे, खराब नाही.”

पिकअप, म्हणजे तारेखालचा चुंबकाचा डबा, त्याचीही उंची जुळवावी लागते. तो तारेच्या फार जवळ नेला तर आवाज मोठा होतो खरा, पण चुंबक तारेला ओढतो आणि स्वर थरथरतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबून, तार आणि पिकअप यांत सुमारे तीन मिलिमीटर अंतर ठेवा आणि तिथून कानाने ठरवा. दांडीकडे बोट नेले की आवाज गोल, घोडीकडे आणले की कसलेला. हा फरक फुकट मिळतो, तो आधी वापरून पाहावा.

अॅम्प्लिफायरची कथा थोडी दुःखाची आहे. तरुणपणी एका कार्यक्रमासाठी मी घरी बसून फार सुंदर आवाज लावला होता. खर्जाची खुंटी पूर्ण पुढे, मधली मागे. एकट्याने ऐकताना वाटे, स्वर्गच! कार्यक्रमात पेटी जमिनीवर, कोपऱ्यात, माझ्या पोटऱ्यांपाशी. मला माझा स्वर नीट ऐकू येईना, म्हणून मी आवाज वाढवीत गेलो. मध्यंतरात गाणाऱ्या बाई आत आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “तुमचा आवाज मला ऐकू येतो आहे हो, पण सूर ऐकू येत नाही. मी उभी कशावर राहू?” त्या रात्री त्यांचे एक गाणे खाली गेले, आणि लोकांनी दोष त्यांना दिला. ती गोष्ट मी अजून विसरलो नाही.

चुकले काय, ते नंतर कळले. कोपऱ्यात आणि जमिनीवर ठेवलेली पेटी खर्ज फुगविते. आणि ज्या मधल्या स्वरांवरून कान सूर ओळखतो, ते मी स्वतःच कापले होते. उरलेसुरले माझ्या गुडघ्यांना ऐकू येत होते! म्हणून पेटी खुर्चीवर ठेवा, भिंतीपासून पुढे ओढा, सगळ्या खुंट्या मध्यावर ठेवून आरंभ करा. खर्ज थोडा कमी, आणि ७००-८०० कंपनांच्या आसपासचा भाग थोडा अधिक. एकट्याने वाजविताना हा आवाज कोरडा वाटेल. वाटू द्या. ढोलक, की-बोर्ड आणि गायक आले, की तोच नीट जागेवर बसतो. एखाद्या सहकाऱ्याला सभागृहात मागे उभे करून विचारा. आपल्या जागेवरून आपल्याला खरे कधी कळत नाही. वॅटच्या आकड्यालाही भुलू नका. शंभराचे दोनशे केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम थोडा वाढतो. मात्र साध्या गिटारच्या लहान पेटीवर बास मोठ्याने वाजवू नका, कर्ण्याचा पडदा फाटतो.

आणि मांडवात वाजविणाऱ्यांना एक कळकळीचे सांगणे. आपली वीज ५० कंपनांची आहे, आणि जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर ४९ कंपनांचा. म्हणजे वीज गुणगुणू लागली की ती अगदी आपल्या शेजारी बसून गाते. ही गुणगुण बंद करण्यासाठी काही लोक अर्थिंगची पिन मोडतात किंवा तिची वायर काढून टाकतात. हे कधीही करू नका. तुमच्या तारा अॅम्प्लिफायरमार्फत अर्थिंगलाच जोडलेल्या असतात. ते तुटले आणि आत काही बिघाड झाला, तर हात तारेवर आणि ओठ माइकला, एवढे जीव जायला पुरे आहे. कार्यक्रमाआधी वीजवाल्याकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि गिटार व माइक यांची वीज एकाच ठिकाणाहून घ्या. गुणगुण वायर बदलून, जागा बदलून कमी करता येते. पिकअप दोन तुकड्यांचा असेल, जसा प्रिसिजनवर १९५७ पासून आहे, तर ती आपोआपच बरीच मिटते.

नवी गिटार घ्यावयाचीच असेल तर दुकानात आधी दांडीच्या टोकाकडून डोळा लावून ती पिळलेली नाही ना, हे पाहा. वाकलेली दांडी सळईने सुधारते, पिळलेली सहसा सुधारत नाही. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून पाहा. उभे राहून गळ्यात अडकवा. डोके खाली झुकत असेल तर तीन तासांच्या कार्यक्रमात तुमचा डावा खांदा शिव्या देईल. रंग शेवटी पाहा.

तो मुलगा दोन तास बसला होता. शेवटी त्याने गिटार घेतली आणि सबंध दांडीभर एक सप्तक वर जाऊन खाली आला. वडील खिडकीपाशी उभे होते, ते वळले. मग मोजमापे लिहून घ्यायला कागद हवा होता, तर वडिलांनी पिशवीतून तो अर्ज काढून त्याची पाठ पुढे केली. फट इतकी, उंची इतकी, पिकअप इतका. तो कागद अजून त्या गिटारच्या पेटीत आहे. गेल्या श्रावणात तो मुलगा आला, तेव्हा मी पाहिले, त्याखाली त्याने आपल्या हाताने पावसाळ्याची वेगळी मापे लिहिली होती.