नवा राऊटर लावल्यावर
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



पापड-लोणच्यांवर बोलावयास माझ्याहून जाणत्या बायका या मंडळात पुष्कळ आहेत. म्हणून कार्यवाहबाईंनी मला इंटरनेटच्या डब्याचा विषय दिला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा इंग्रजी शब्दांचे उच्चार चुकले तर सांभाळून घ्या.

२०२४ च्या श्रावणात आमचा जुना राऊटर जळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा आणून जोडला. दिवे लागले, मोबाईलवर वायफायची खूणही आली, पण खाली अक्षरे आली की जोडले आहे, इंटरनेट नाही. आमची थोरली घरी बसून एका कचेरीचे काम करते. नोकरीचा तिसराच आठवडा, रजा मागण्याची सोय नाही. आमच्या खोल्या तळमजल्याच्या मागच्या अंगाला, तेथे मोबाईलची रेंज येत नाही, आणि बाहेर पाऊस. कंपनीला ओट्यावर उभी राहून फोन केला, तर "उद्या माणूस पाठवितो" म्हणाले. उद्याच्या माणसाचा आज काय उपयोग?

तेव्हा मी आणि थोरलीने एकेक गोष्ट पाहावयास घेतली. पहिली गोष्ट म्हणजे डबे दोन असतात. फायबरची बारीक वायर ज्यात येते तो कंपनीचा डबा, आणि त्याच्यापुढे आपला राऊटर. कोणाकडे दोन्ही एकाच डब्यात असतात. त्यांनी तो परस्पर बदलू नये, कंपनी तो डबा त्याच्या क्रमांकावरून ओळखते. कंपनीच्या डब्यावर 'पॉन' लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असला म्हणजे बाहेरून येणारे ठीक आहे. 'लॉस'चा दिवा तांबडा असेल तर वायरीतून उजेडच पोचत नाही, मग राऊटरशी कितीही झटापट करा, व्यर्थ. ती वायर काचेची असते. कपाटामागे दाबून दुमडू नका, आणि निघालेल्या टोकात डोळा लावून बघू नका. आतला उजेड दिसत नाही, पण डोळ्यांना घातक ठरू शकतो.

आमचा पॉन हिरवा होता. मग राऊटरच्या मागची भोके पाहिली. त्यांतले एक वेगळ्या रंगाचे असते किंवा त्यावर 'वॅन' लिहिलेले असते. कंपनीच्या डब्याची वायर तेथेच हवी. ती बरोबर होती.

शेवटी राऊटरचे पान उघडले. त्याचा पत्ता तळाच्या चिठ्ठीवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. हे पान इंटरनेट बंद असतानाही उघडते, बरे का! तेथे 'पीपीपीओई' म्हणून दोन रिकाम्या चौकटी दिसल्या. कंपनीने दिलेले नाव आणि पासवर्ड जुन्या राऊटरच्या पोटात होते, ते त्याच्याबरोबर गेले. वायफायचा पासवर्ड निराळा, हा निराळा.

मी पुन्हा ओट्यावर गेले आणि म्हटले, "नवा राऊटर आहे, पीपीपीओईचा आयडी आणि पासवर्ड द्या." सकाळी माझे बोलणे पुरते न ऐकणारे आता "हो मॅडम, लिहून घ्या" म्हणू लागले! अकराच्या आत थोरली कामाला बसली.

सगळ्यांकडे अशा चौकटी लागतातच असे नाही. काही कंपन्या राऊटरला त्याच्या मॅक क्रमांकावरून ओळखतात. तो तळाशी छापलेला असतो. तो सांगून "नवा क्रमांक चढवून घ्या" म्हणावे. मात्र कोणी ओटीपी विचारला तर फोन ठेवून द्यावा.

आता एक सोयीची गोष्ट. नव्या राऊटरला वायफायचे जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड अक्षरन् अक्षर दिलात, तर घरातले मोबाईल आणि टीव्ही बहुतेक आपोआप जोडले जातात. एखादा जुना टीव्ही किंवा प्रिंटर तरीही हटून बसतो, कारण त्याला फक्त २.४ चे वायफाय कळते, ५ चे दिसतच नाही. ५ चे वेगवान खरे, पण भिंतींपुढे लवकर दमते. म्हणून दोन्ही चालू ठेवावीत. आणि राऊटर लोखंडी कपाटात किंवा मायक्रोवेव्हशेजारी ठेवू नये. शोभेसाठी त्यावर विणलेला रुमाल घालणाऱ्या भगिनी येथे बसल्या आहेत, नावे घेत नाही! तो डबा तापतो हो.

राऊटरला टाचणीएवढे भोक असते. तेथे टोचून धरले की भरलेले सगळे पुसले जाते. मुले आधी तेच करतात. त्यांना आवरा.

आमच्या घरी आता किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर आयडी, पासवर्ड आणि कंपनीचा नंबर लिहिलेला आहे. ज्यांना या महिन्यात राऊटर बदलावयाचा आहे, त्यांनी जुना चालू आहे तोवर शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीवर यावे. तुमच्या कंपनीला फोन करून काय विचारायचे, ते थोरली कागदावर लिहून देईल. येताना चष्मा आणा, तळाची अक्षरे फार बारीक असतात.