स्मृतीचा वेग आणि विजेचा दाब



आजच्या विषयाचे नाव ऐकून हा तरुण मुलांच्या हौसेचा विषय असावा, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. रॅम म्हणजे काम चालू असताना मजकूर धरून ठेवणारी संगणकाची स्मृती. ती कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालविणे, यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. असे करताना रॅमचे व्होल्टेज वाढविल्यास उपयोग होतो काय, हा आजचा प्रश्न. उपयोग होतो, हे मी प्रथमच सांगून टाकतो. पण तो केव्हा होतो आणि त्याचे मोल काय द्यावे लागते, हे समजून घेतले पाहिजे.

१९६८ साली अमेरिकेत आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिच्याच पायावर आजचीही रॅम उभी आहे. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, एवढाच तिचा संसार. कपॅसिटर ही इवलीशी कोठी आणि ट्रान्झिस्टर हे तिचे दार. कोठीत वीजभार असला तर तो एक, नसला तर शून्य. पण ही कोठी गळकी आहे. नवे मडके पाझरते तसा तिच्यातील भार पाझरतो. म्हणून नेहमीच्या डीडीआर४ रॅममध्ये प्रत्येक कोठी ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, पुन्हा भरून घ्यावी लागते.

आता वाचन कसे होते ते पाहा. सोनाराचा काटा समतोल उभा असतो, तशी वाचनाची तार आधी मधल्या दाबावर आणून ठेवतात. मग कोठीचे दार उघडते आणि आतला भार तारेला गुंजभर इकडे किंवा तिकडे झुकवितो. तो झुकाव ओळखणारे वर्धक मंडळ त्याचा स्पष्ट निर्णय करते. या सर्वांस वेळ लागतो. ३२०० वेगाच्या रॅममध्ये घड्याळाचा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा असतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. उत्तर यावयास १६ ठोके नेमले असतील तर १० नॅनोसेकंद झाले. ठोके तेवढेच ठेवून वेग ३६०० केला, की हाती उरतात ८.९ नॅनोसेकंद. एवढ्या वेळात काटा नीट झुकेल काय?

व्होल्टेजची मदत होते ती येथे. दाब वाढला की कोठीत भार अधिक मावतो, ट्रान्झिस्टर अधिक चपळ होतात आणि काटा लवकर झुकतो. व्होल्टेज स्वतः वेग वाढवीत नाही. वेग आपण वाढवितो. व्होल्टेज तो सोसण्याचे बळ देते. हे न कळल्यामुळे कित्येक जण नुसते व्होल्टेज वाढवून बसतात आणि वेग कोठे आहे म्हणून विचारतात!

शिवाय सगळ्या चिपा या बळाला सारखी दाद देत नाहीत. आणि अडचण दरवेळी चिपेतच असते असेही नाही. कधी ती प्रोसेसरमधील स्मृतिनियंत्रकाची असते, कधी बोर्डावरील तारांची. विहिरीला पाणी भरपूर असून पाटच अरुंद असला, तर विहीर खोल करून काय होणार?

आता खर्चाची बाजू. घरच्या दिव्याला २३० व्होल्ट लागतात. डीडीआर३ ला नेमलेले व्होल्टेज १.५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला अवघे १.१. वेगवान म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक डीडीआर४ पट्ट्या १.३५ व्होल्टवर चालतात. वाढ दिसते दीड दशांशाची. पण विजेचा व्यय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग तोच ठेवला तरी तो सुमारे सव्वापट होतो. त्या विजेची उष्णता होते, आणि उष्णतेने कोठ्यांचा पाझर वाढतो. ८५ अंश सेल्सियसच्या वर डीडीआर४ च्या कोठ्या दुप्पट वेळा भरण्याचा नियम आहे, तो याचसाठी. म्हणजे एका हाताने ओतलेले पाणी दुसऱ्या वाटेने वाहून जाऊ लागते. २००८ साली स्मृतिनियंत्रक पोटात घेतलेले पहिले कोअर आय७ प्रोसेसर निघाले, तेव्हा रॅमचे व्होल्टेज १.६५ च्या वर नेऊ नये, प्रोसेसरलाच इजा होईल, असे इंटेलने बजावले होते.

मग करावे काय? एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि व्होल्टेज अगदी लहान पायऱ्यांनी वाढवावे. प्रत्येक पायरीवर मेमटेस्ट८६ सारखी चाचणी रात्रभर चालवावी. चुका कमी झाल्या तर उणीव व्होल्टेजची होती. तेवढ्याच राहिल्या तर दोष अन्यत्र शोधावा. वाढल्या तर मुकाट्याने मागे फिरावे. आणि प्रयोगाला बसण्यापूर्वी आपल्या कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

ही काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. संगणक बंद पडला तर निदान कळते. पण स्मृतीची चूक मुकी असते. हिशेबात ५०० हा आकडा आहे आणि त्यातील २५६ दाखविणारी एकच कोठी रिती झाली, तर २४४ उरतात. घंटा वाजत नाही, दिवा लागत नाही. तो २४४ खतावणीत जातो, तेथून ताळेबंदात जातो, आणि आपण त्यावर विश्वासाने सही करतो. म्हणूनच मोठ्या सेवा-संगणकांत चूक ओळखून दुरुस्त करणारी रॅम वापरतात. घरच्या संगणकात बहुधा असा पहारेकरी नसतो. तेथे पहारा आपणच करावयाचा.

माझा या हौसेला विरोध नाही. यंत्राची सीमा कोठे आहे, हे हाताने चाचपून पाहणाऱ्या मुलाला यंत्र कळते. त्याने व्होल्टेज अवश्य वाढवावे, पण पत्रे लिहिण्याच्या आणि हिशेबाच्या कामात मिळणारा वेग सहसा जाणवतही नाही, हे त्याने ध्यानात ठेवावे. ज्या स्मृतीवर घरातल्या इतरांचे हिशेब आणि छायाचित्रे अवलंबून आहेत, ती थोडी संथ असली तरी चालेल. ती खरी असली पाहिजे.