बफी गाते तेव्हा



पात्र मध्येच गाऊ का लागतं, हा प्रश्न मराठी प्रेक्षकाला सहसा पडत नाही. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं, दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं, आणि तेव्हापासून अर्जुनानं गावं, सुभद्रेनं गावं, कृष्णानंही गावं, हे आपण मनापासून मान्य केलेलं आहे. पेटीचा सूर लागला की कथा थांबते आणि आपण सावरून बसतो. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये तर पात्रंच गवई, त्यामुळे गाण्याला कारण शोधायला नको. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका अमेरिकी मालिकेच्या एका भागाबद्दल. त्यात सगळं गाव अचानक गाऊ लागतं, आणि गाणारी माणसंच घाबरून एकमेकांना विचारतात, हे आपल्याला काय झालंय?

मालिकेचं नाव ‘बफी द व्हँपायर स्लेअर’. ती १९९७ ते २००३ अशी सात पर्वं चालली. कॅलिफोर्नियातलं सनीडेल नावाचं कल्पित गाव, तिथे रात्री हिंडणारी पिशाच्चं, आणि त्यांना संपवण्याचं काम नशिबानं जिच्या गळ्यात पडलं आहे ती बफी समर्स नावाची मुलगी. सहाव्या पर्वातला सातवा भाग, ‘वन्स मोअर, विथ फीलिंग’, ६ नोव्हेंबर २००१ रोजी प्रसारित झाला. लेखक-दिग्दर्शक जॉस व्हेडन. गाणीही त्याचीच, शब्द आणि चाल दोन्ही. वाद्यमेळाची बाजू क्रिस्टोफ बेक आणि जेसी टोबियास यांनी सांभाळली, नृत्यं ॲडम शँकमननं बसवली. नटांनी आपापली गाणी स्वतः गायली. मी या मालिकेची जुनी चाहती आहे. हा भाग मला अतिशय आवडतो आणि त्यातल्या काही गोष्टी मला आजही खटकतात. दोन्ही सांगते.

आधी थोडी कथा. पाचव्या पर्वाच्या शेवटी बफी मरते. धाकट्या बहिणीचा, डॉनचा, जीव वाचवण्यासाठी ती स्वतः उडी घेते. सहाव्या पर्वाच्या सुरुवातीला तिची मैत्रीण विलो जादूनं तिला परत आणते. मित्रांची खात्री असते की बफी कुठल्यातरी नरकात अडकली होती आणि आपण तिची सुटका केली. बफी त्यांना खरं सांगत नाही. खरं असं की ती स्वर्गात होती, शांत होती, आणि तिथून तिला ओढून काढलं गेलं. ज्यांचं तिच्यावर सर्वांत जास्त प्रेम आहे त्यांनीच हे केलेलं, म्हणून ते सांगायचं कोणाला? ती रोज उठते, कामं करते, हसते, आणि आतून थिजलेली असते.

अशा वेळी गावात एक राक्षस येतो. नाव स्वीट. त्याचा प्रभाव असा की माणसं मनात दडवलेलं गाऊन टाकतात. भावना अनावर झाली की नाचू लागतात, आणि नाचता नाचता पेट घेऊन जळून मरतात.

या रचनेत एक फार मोठी युक्ती आहे. एरवी पात्राला गाणं सुचतं ते लेखकाच्या मर्जीनं. इथे गाणं ही कथेतलीच एक घटना आहे, आणि ती धोकादायक आहे. बोलताना माणूस शब्द निवडतो, विषय बदलतो, ‘काही नाही गं’ म्हणून निसटतो. गाऊ लागला की त्याला निसटता येत नाही, कारण चाल पुढच्या ओळीची वाट पाहत उभी असते. म्हणून संगीतिका पाहताना एक प्रश्न सोबत ठेवा: गाणं संपल्यावर असं काही उरलं का, जे आता परत पोटात घालता येणार नाही? या भागातली जी गाणी मला थोर वाटतात ती सगळी या प्रश्नाला उतरतात. जी कमी पडतात तीही याच प्रश्नावर कमी पडतात.

पहिलं गाणं पाहा. रात्र, स्मशान, बफी गस्तीवर. अमेरिकी संगीतिकेत नायिका सुरुवातीलाच एक गाणं गाते आणि आपल्याला काय हवं आहे ते सांगते. बफीची चाल त्याच घाटाची आहे, गोड, उंच चढत जाणारी. पण तिची मागणी एवढीच आहे की आपल्याला काहीतरी जाणवावं. गाता गाता ती पिशाच्चांना मारते, तेही बघितल्या न बघितल्यासारखं. एका देखण्या तरुणाला सोडवते, तो आभार मानतो, आणि तिला त्याचं काहीच नसतं. गाण्याच्या शेवटी एका पिशाच्चाची धूळ होते आणि धुळीआडून तिचा चेहरा दिसतो, नेमका त्या शब्दावर जो जिवंत असण्याबद्दल आहे. चाल उत्साहाची आणि गाणारी रिकामी. ही तफावत कानानं पकडायची आहे. चाल आणि शब्द एकमेकांना दुजोरा देत असतील तर गाणं सुबक होतं. ते दोन दिशांना ओढू लागले की त्यातून माणूस दिसायला लागतो.

ताराचं गाणं याहून चलाख आहे. तारा ही विलोची प्रेयसी. ती उन्हात, बागेत, प्रेमानं भारावून गाते की तुझ्या मंत्रानं मी भुलले. पहिल्यांदा ऐकताना आपण ते नेहमीचं रूपक समजतो. पण आधीच्याच भागात विलोनं भांडण मिटवण्यासाठी ताराच्या स्मृतीवर खरोखरच मंत्र टाकलेला आहे, आणि ते ताराला ठाऊक नाही. पुढे ते कळतं तेव्हा तेच शब्द, तीच चाल परत येते, आणि आता त्या शब्दांचा अर्थ शब्दशः खरा असतो. त्याच वेळी जाइल्स, बफीचा गुरू आणि जवळजवळ वडीलच, आपलं आधीचं गाणं परत गात असतो. बफी आपल्यावर विसंबून राहते, म्हणून आपण निघून जायला हवं, असं त्यानं ठरवलेलं आहे. दोघं एकाच दुकानात आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत. दोन वेगळी गाणी एकमेकांवर ठेवली जातात आणि ती बरोबर बसतात, कारण दोघांचं म्हणणं एकच: प्रेम आहे, म्हणूनच जावं लागणार. संवादात हे लिहायला दोन प्रसंग लागले असते, आणि दोन प्रसंगांत ते हरवलं असतं. हा तुकडा ऐकताना पहिल्या खेपेस फक्त ताराच्या मागे जा, दुसऱ्या खेपेस फक्त जाइल्सच्या, आणि मग दोघांना एकत्र ऐका. एका वेळी दोन सूररेषा ऐकण्याची सवय आपल्या कानाला कमी असते, कारण आपलं संगीत एका सुरेल रेषेचा विस्तार करत जातं. इथे ती सवय लावून घेतली तर पाश्चात्त्य रंगभूमीचं एक मोठं दालन उघडतं.

आता आवाजांबद्दल. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, वसंतराव यांच्यावर पोसलेल्या कानाला इथली बरीच गाणी कच्ची वाटतील, आणि ती कच्ची आहेतच. जाइल्स झालेला अँथनी हेड लंडनच्या रंगभूमीवर ‘रॉकी हॉरर शो’ गाजवून आलेला. ताराची अँबर बेन्सनही खरी गाणारी. पण बफी झालेल्या सारा मिशेल गेलरचा आवाज पातळ आहे, वरच्या सुरांत तो ताणला जातो. मला तो तसाच हवा. जी मुलगी पाच वर्षं कोणासमोर डगमगली नाही, तिचा आवाज मात्र डगमगतो, आणि सत्य तिथूनच बाहेर येतं. समोर उभा असलेला राक्षस कोण आहे तेही पाहा. ती भूमिका हिंटन बॅटलनं केली आहे. ब्रॉडवेचा हा कसलेला नट-नर्तक, तीन टोनी पुरस्कारांचा मानकरी. तो टॅप करतो तेव्हा पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटतं. संपूर्ण गावात नाच आणि गाणं दोन्हींत अस्सल तयारीचा कलावंत एकच, आणि तो माणसांना जाळणारा. ही पात्रनिवड मला या भागातली सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते. बॅटल २०२४ साली वारला. दूरचित्रवाणीवरचं हे त्याचं काम जतन करण्यासारखं आहे.

सर्वांत वर मात्र मी ठेवते ते शेवटचं मोठं गाणं आणि त्याआधीचा समूहस्वर. राक्षसानं डॉनला पळवून एका क्लबमध्ये ठेवलेलं असतं. जाइल्स बफीला सांगतो की तिला सोडवायला तुला एकटीनं जायचं आहे. ती एकटी निघते, हळू आवाजात सुरू करते, मग वेगवेगळ्या रस्त्यांवरून एकेक जण त्याच चालीत शिरतो, प्रत्येकाचे शब्द आपापले. संगीतात ते एकत्र आहेत, रस्त्यावर वेगवेगळे. हे गाव आणि ही मैत्री कुठल्या अवस्थेला आली आहे, ते त्या रचनेनंच सांगून टाकलं. मग क्लबमध्ये बफी नाचत, हसत, खोट्या उसळीनं गाऊ लागते, आणि मध्येच लय मंदावते. ती सांगते की मी स्वर्गात होते. कॅमेरा विलोवर येतो. विलो गात नाही, बोलतही नाही. एवढी गाणी रचल्यावर त्या क्षणी एका पात्राला गप्प ठेवायचं, हे धैर्य लेखकाकडे आहे.

ते त्याच्याकडे आधीपासून होतं. १९९९ सालचा ‘हश’ हा भाग बराचसा संवादाविना आहे, कारण तिथे गावाचा आवाजच चोरीला जातो. २००१ च्या फेब्रुवारीतल्या ‘द बॉडी’मध्ये बफीच्या आईचा मृत्यू होतो, आणि त्या भागात पार्श्वसंगीत अजिबात नाही. दार, पावलं, श्वास, बाहेरच्या मुलांचा आवाज, बस. आधी आवाज काढून घेतला, मग संगीत काढून घेतलं, आणि मग गाणं दिलं. आपल्या मालिकांत कोणी नुसतं वळून पाहिलं तरी तीनदा ढोल वाजतो. त्यानं बधिर झालेल्या कानानं ‘द बॉडी’ जरूर ऐकावा.

आता खटकणारं. बफीचा मित्र झँडर आणि आन्या यांचं लग्न ठरलेलं आहे, आणि त्यांच्या मनातल्या शंकांचं गाणं १९३०च्या दशकातल्या चित्रपटांच्या धाटणीवर बांधलं आहे. गाणं मोहक आहे. पुढे त्यांचं लग्न मोडतं, त्याचं बीही इथेच पडतं. पण ती धाटणी इतकी हौसेनं सजवली आहे की भीती सजावटीखाली दबते. जुन्या शैलीची नक्कल ऐकण्याचा आनंद आपल्याला मिळतो आणि त्या दोघांचा धसका मिळत नाही.

विलोबद्दलची माझी तक्रार मोठी आहे. विलो झालेल्या ॲलिसन हॅनिगननं आपल्याला फार गायला लावू नका अशी विनंती केली होती, आणि ती मानली गेली. नटीच्या बाजूनं ते रास्तच. पण कथेचा नियम काय? जो लपवतो तो गातो. या भागात सर्वांत जास्त लपवत असलेली व्यक्ती विलोच आहे. मैत्रिणीला कबरीतून आणलं ते तिनं, प्रेयसीची स्मृती पुसली ती तिनं. तिलाच या शापातून सूट मिळते. क्लबमधली तिची शांतता प्रभावी आहे, मात्र त्या शांततेआधी तिचं एक भरलेलं गाणं असतं तर ती शांतता आणखी जड झाली असती.

तिसरी गोष्ट मी माफ करू शकत नाही. राक्षसाला बोलावणारा झँडर होता, हे शेवटी उघड होतं. गंमत म्हणून, नाचगाणी होतील म्हणून त्यानं बोलावलं. माणसं जळून मेली आहेत, एकाला तर आपण स्वतः जळताना पाहिलं आहे. आणि हा कबुलीजबाब चार वाक्यांच्या विनोदात उरकला जातो. ज्या भागात प्रत्येक गुपिताची किंमत मोजावी लागते, तिथे हे एकच गुपित फुकट सुटतं. इथे लेखकाची नीतिबुद्धी ढिली पडली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक सांगायला हवं. २०२१ साली करिश्मा कार्पेंटर या अभिनेत्रीनं व्हेडनच्या सेटवरच्या वागणुकीविरुद्ध जाहीर तक्रार केली. अँबर बेन्सन आणि डॉनचं काम करणारी मिशेल ट्रॅक्टेनबर्ग यांनी तिला पाठिंबा दिला. ट्रॅक्टेनबर्ग २०२५ च्या फेब्रुवारीत गेली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. तिनं या भागात गाण्याऐवजी नृत्य मागून घेतलं होतं. तिचं गाणं दोन ओळी होताच तोडलं जातं, तिला पळवून नेतात, आणि मग ती बोलत नाही, नाचते. आजूबाजूच्या मोठ्यांना आपलं ऐकायला वेळ नाही, हे त्या मुलीचं दुःख त्या तोडलेल्या गाण्यात पुरं उतरलं आहे. ती तक्रार कळल्यापासून हा भाग पाहताना माझं मन पूर्वीसारखं मोकळं राहत नाही. पण ते काम त्या मुलींचंही आहे, म्हणून मी ते पाहत राहते.

भाग संपतो तेव्हा राक्षस गेलेला असतो आणि कोणाचंही काही सुटलेलं नसतं. सगळे मिळून गातात, पुढे कुठे जायचं ते कोणालाच कळत नाही. बफी गाणं अर्धवट टाकून बाहेर पडते. स्पाइक या पिशाच्चाशी तिचं चुंबन होतं, वाद्यमेळ भरून येतो आणि पडदा पडतो. जुन्या चित्रपटात हाच सुखान्त असता. इथे हे संगीत सुख सांगतं आणि चेहरे सांगत नाहीत, पहिल्या गाण्यातली तीच तफावत. त्याच पर्वात पुढे ताराचा मृत्यू होतो, विलो स्वतःला हरवून बसते.

तेव्हा श्रोतेहो, हा भाग मिळाला तर पाहा. त्यात उणिवा आहेत, तरी दूरचित्रवाणीवरच्या संगीतिकांत मी त्याला पहिल्या रांगेत बसवते. नेहमीच्या वेळेत बसवण्यासाठी कापलेली आवृत्ती घेऊ नका, सुमारे पन्नास मिनिटांची पूर्ण आवृत्ती शोधा. त्याआधी ‘द बॉडी’ पाहून ठेवा. आणि एकदा पाहून झाल्यावर पडद्याकडे पाठ करून हा भाग नुसता ऐका.