शाळेचा हिशेब आणि पालकांचें कर्तव्य

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं गतकालाचें स्मरण करणें उचितच. परंतु वाडीवरच्या शाळेची आजची चिंता वाहणें त्याहून अगत्याचें आहे.

मालवण किनाऱ्यावर आपलीं पुष्कळ मुलें जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकतात. दुरुस्ती व साहित्य यांसाठीं त्या शाळांस अनुदान मिळतें, तें पटावरून ठरतें. समग्र शिक्षा योजनेच्या 2021-26 या काळांतील नियमांप्रमाणें 30 मुलांपर्यंतच्या शाळेस वर्षास 10,000 रुपये, व 31 ते 100 मुलांच्या शाळेस 25,000 रुपये ठरले होते. म्हणजे एकतिसावें मूल आईबापांबरोबर मुंबईस गेलें, कीं मागें राहिलेल्या मुलांचे 15,000 रुपये गेले!

पोटासाठीं जाणारांस कोण अडविणार? परंतु आलेला पैसा सार्थकीं लावणें आपल्या हातीं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या असें ठरवून, अनुदानाच्या खर्चावरील देखरेख तिजकडे सोंपविली. महाराष्ट्रांत दोन विद्यार्थीही तींत घेण्याची तरतूद झाली. पावसांत कोणता वर्ग गळतो, हें मुलांइतकें कोणास ठाऊक?

घरधनी मुंबईस वा बोटीवर असतां संसार सांभाळणाऱ्या मातांनीं सभेस जावें, हिशेब ऐकावा, न कळेल तें निर्भयपणें विचारावें. आणि झालेले ठराव घरोघर कळवावे. ज्या शाळेचा हिशेब गांवास ठाऊक, ती शाळा गांवाची, एवढें सांगून आपली रजा घेतों.